चाकामागचा दगड

ट्रेलरच्या ब्रेकची डबी पिकपमध्ये बसवायची तर चार वायरी जोडायच्या असतात. काळी बॅटरीला, पांढरी बॉडीला, लाल ब्रेक पेडलच्या स्विचला आणि निळी मागे, ट्रेलरकडे. बस. हे काम मी डोळे झाकून करीन आणि माझा भाऊ मनोज झोपेत करील. ज्याला आमच्या कामावर शंका आहे त्यानं खुशाल दुसरं दुकान बघावं.

चौकला जुन्या हायवेवर, ढाब्यांच्या रांगेत आमचं दुकान आहे. पाटीवर अजून 'मनोज ऑटो इलेक्ट्रिक' असंच लिहिलंय, पण चालवते मी, पौर्णिमा. उन्हाळ्यापासून मनोजनं पक्कड हातात धरलेली नाही. घरात भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. जेव म्हटलं की जेवतो.

झालं होतं असं. खालापूरचे जमालभाई लग्नाच्या वरातींना घोड्या पुरवतात. घोडीची ने-आण करायला पिकपच्या मागे जोडायचा ट्रेलर, आणि ट्रेलरच्या चाकांना विजेवरचे ब्रेक. ड्रायव्हरनं पेडल दाबलं की डबी मागे करंट सोडते, ट्रेलरची चाकं धरली जातात, आणि तो पिकपला ढकलत नाही. डबी मनोजनं बसवलेली. मे महिन्यात कशेळ्याच्या पुढच्या उतारावर ट्रेलरनं पिकपला ढकलत ढकलत ओढ्यात घातलं. ड्रायव्हर चंदर जागीच गेला. घोडीही गेली.

लोक म्हणाले, मनोजची वायर सुटली. मनोज म्हणाला, वायर बरोबर होती, चंदरनं ब्रेकच मारला नसेल. हे तो चंदरच्या दारात, चंदरच्या बायकोसमोर बोलला. चंदर त्याचा जिवलग दोस्त. बोलून बसला आणि मग स्वतःवरच शंका घेत बसला. मला एवढंच हवं होतं की त्यानं उठावं, दुकानात यावं आणि माझ्यावर खेकसावं, जसा आधी खेकसायचा.

दिवाळी उलटली तशी जमालभाई रिपेअर केलेली पिकप घेऊन आले. लग्नं तोंडावर होती, नवा ट्रेलर आठवड्यात यायचा होता. सीटवर प्लास्टिकच्या पिशवीत ती जुनी डबी, मनोजनं ओवलेल्या वायरींसकट.

"ही भंगारात टाक, बाय. मी नवी मागवतो."

"नवी कशाला? हीच बसवणार. ह्याच वायरींवर."

जमालभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "अगो, माणूस गेलाय तिच्यापायी."

"तिच्यापायी गेला हे कुणी तपासलं? दोष असेल तर परत दिसेल. नसेल तर सगळ्यांनी माझ्या भावाची माफी मागायची."

शेजारच्या टायरवाल्या पदूनं ऐकलं. "पौर्णिमे, निदान लिंबू-मिरची तरी बांध गं."

"लिंबू सरबतात घाल, पदू. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, लिंबाला खिळा नाही."

सगळे जॉइंट मी टेस्ट लॅम्पनं तपासले. मनोजचं सोल्डर चकचकीत होतं, कुठं तडा नाही. डबी डॅशबोर्डखाली स्क्रूनं आवळली. तिच्यावर एक हिरवा दिवा असतो, तो ट्रेलरचा प्लग मागच्या सॉकेटमध्ये घातला तरच लागतो. शेजारी आकडे येतात, किती जोराचा ब्रेक चाललाय ते दाखवणारे. खाली बोटाएवढं हँडल. पेडलवर करंट बेताबेतानं जातो, पण हँडल डावीकडे सरकवलं की सगळा एकदम जातो. मागे ट्रेलर नसला की डबी मुकी. मी पेडल शंभरदा दाबलं असेल, तिनं डोळा उघडला नाही. बरोबर होतं. मागच्या सॉकेटचं स्प्रिंगचं झाकण टपकन बसत होतं. ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्याला मी नवं ग्रीस फासलं.

आता प्रश्न राहिला ड्रायव्हरचा. त्या उतारावरून ही गाडी न्यायला एकही तयार होईना. मी म्हटलं, आधी मी नुसती पिकप नेऊन दाखवते, मग लाज वाटली तर बसा.

दुसऱ्या दिवशी पिकप घेऊन निघाले, कशेळ्याच्या बाजारात चहाला थांबले तर समोर ठकूबाई उभी. चंदरची बायको. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. हातात भाजीची पिशवी, चेहरा दगडासारखा.

"तीच डबी लावलीस?"

"तीच, वहिनी."

"मंग मी बसते तुज्या शेजारी." तिनं दार उघडलंसुद्धा. "माजा नवरा ब्रेक मारत नवता म्हणं. उतार आला का तो आधी पेडल हलवायचा. दोनदा हलकं, मंग थांबून एकदा जोरात. घोडीला कळावं, पाय रोवून उभी ऱ्हावी म्हणून. सगळ्या तबेल्याला म्हाईत हाय. तो ब्रेक नाय मारनार?"

"आणि माझा भाऊ वायर उघडी ठेवणार?"

"त्येच बघायला चालले."

मी गाडी उताराकडे काढली. दुपारचं ऊन, दोन्हीकडे वाळलेलं गवत, कापून झालेली भातखाचरं. शेअर जीप भर्रकन पुढे गेली. चढ संपतो तिथं एक पळस आहे, त्याच्या बुंध्याशी नारळाच्या करवंट्यांचा ढीग. ड्रायव्हर लोक तिथं नारळ फोडतात. मी थांबले नाही. ठकूबाईनंही थांब म्हटलं नाही.

पळस मागे पडला आणि डबीचा हिरवा दिवा लागला.

मी दुसऱ्या गिअरमध्ये होते. पाय पेडलवर नव्हता, हे मी खाली बघून खात्री करून घेतलं. शॉर्ट झाला असेल. निळी वायर कुठंतरी बॉडीला टेकली असेल. घरी जाऊन बघू, असं मी मनात म्हणतेय तोवर आकडा हलला. थोडा वर गेला, शून्यावर आला. परत थोडा वर, परत शून्य.

मग थांबला.

मग एकदम वर गेला.

ठकूबाईच्या मांडीवरची पिशवी खाली सांडली. तिला आकडे वाचता येत नाहीत, पण त्यांच्या उड्या मोजता येतात. "त्यो हाय," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, दारात कोण आलंय ते सांगावं तशी.

"काही नाही, वहिनी. वायर आहे."

गाडी जड झाली होती. स्टेअरिंगला ते आधी कळतं. पुढची चाकं हलकी होतात, मागचं टोक खाली बसतं. आरशात रिकामा रस्ता होता, धूळ होती. आणि काच बंद असताना केबिनमध्ये ओल्या गवताचा आणि घोड्याच्या घामाचा वास भरला. मागून फळीवर खूर सरकल्याचा आवाज आला.

मी ब्रेक दाबला. पिकपनं धरला, आणि मागून धक्का बसला.

धक्का म्हणजे धक्का. माझं डोकं पाठीमागच्या जाळीवर आदळलं. चाकं खडीवरून घसरायला लागली. वळण समोर आलं, वळणाच्या खाली ओढा. डबीवरचा आकडा चढत होता, पण बेताबेतानं, आणि ढकलणं त्याच्याहून जास्त होतं.

मला राग आला. भीती नंतर आली, आधी राग. सहा महिने माझा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलाय, आणि हे काय ते मला पण ढकलणार?

"जा मसणात!" मी ओरडले. "वहिनी, ते हँडल! डबीखालचं! डावीकडे सरकवा!"

माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. सोडले असते तर गेलोच असतो. चंदरचेही त्या दिवशी असेच असणार, आणि शेजारी कुणी नसणार.

ठकूबाईनं हँडलला हात घातला.

"चंदर, तू पाय ठेव," ती म्हणाली. "हात मी लावते."

आणि हँडल सरकवलं.

आकडा भरला. मागे कुठंतरी चाकं धरल्याचा करकर आवाज झाला, लांबलचक. ढकलणं ओसरलं. मागचं टोक ताणून धरल्यासारखं झालं आणि आम्ही वळणाच्या कठड्याशी, हातभर अंतरावर, थांबलो.

ठकूबाईची बोटं हँडलवर पांढरी पडली होती. तिला रडू आलं नाही, मला आलं.

मग मी उतरले. मागे काही नव्हतं. गोळ्यावरचं ग्रीस मात्र सगळीकडून पुसलं गेलं होतं, आतलं लोखंड घासून चमकत होतं. सॉकेटचं झाकण उघडं होतं. मी ते दाबलं. अर्ध्यावर अडलं, आत काहीतरी असावं तसं. मी बोट घातलं नाही.

केबिनमध्ये येऊन फ्यूज काढला. हिरवा दिवा गेला. परत लावला, दिवा आला. जोडलेल्या ट्रेलरचा येतो तसाच, ना लुकलुक, ना फडफड. शॉर्ट असा नसतो, हे मला ठाऊक आहे. जे आहे ते सांगते. ज्याला खोटं वाटतं त्यानं वाटून घ्यावं.

"तुज्या घरी चल," ठकूबाई म्हणाली. "मला मनोजला सांगायचंय."

कर्जतवरून चौकला येईस्तोवर दिवा तसाच होता. वळणं मी मोठी घेतली, मागे लांब गाडी असताना घेतात तशी. ठकूबाईनं ते पाहिलं.

आमचं घर चढावर आहे. गाडी वर चढवून दाराशी लावली. आवाज ऐकून मनोज बाहेर आला, दाढी वाढलेली, डोळे मिचकावत. ठकूबाईला बघून जागीच थिजला.

"भावजी," ती म्हणाली. "वायर बरोबर हाय. मी सोता हात लावून बघितली. धरतीय."

मनोज एक पायरी खाली उतरला.

"आनी त्यानं बी ब्रेक मारला हुता. दोनदा हलकं, मंग एकदा जोरात. ते बी मी बघितलं. आता कुनी कुनाला काय बोलायचं नाय."

मनोज पायरीवर बसला आणि तोंडावर हात घेऊन मोठ्यानं रडला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. ठकूबाई त्याच्या पाठीवर थोपटत राहिली. मी म्हटलं, "चल ऊठ, उद्या दुकान उघडायचंय. ढिगानं कामं पडलीत." आणि तो माझ्यावर खेकसला. "उठतो ना ताई, काय घाई आहे तुला!"

हेच मला हवं होतं. ते मला मिळालं, आणि त्याबद्दल मी कुणापुढेही नारळ फोडणार नाही.

मनोजनं डोळे पुसले आणि सवयीनं केबिनमध्ये डोकावला. हिरवा दिवा त्यानं पाहिला. मागे गेला, झाकण दाबून बघितलं. अर्ध्यावर अडलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच हो म्हटलं.

चंदरचा एक नियम होता. चाकामागे दगड लावल्याशिवाय ट्रेलर पिकपपासून कधी सोडवायचा नाही, त्यातून चढावर तर मुळीच नाही. त्यासाठी एक काळा दगड तो कायम पिकपमध्ये ठेवायचा. ओढ्यातून मनोजनं तेवढाच उचलून आणला होता. पायरीशीच पडलेला असायचा.

मनोजनं तो दगड उचलला. पिकपच्या मागे, मोकळ्या अंगणात चालत गेला, आणि जिथं ट्रेलरचं चाक आलं असतं तिथं वाकून खाली ठेवला.

मग परत आला, आणि सॉकेटशी हात नेऊन, प्लग उपसावा तसं हवेतच मुठीनं काहीतरी धरून ओढलं. झाकण टपकन बसलं. केबिनमधला दिवा विझला.

अंगणात दगड उताराकडे चार बोटं सरकला. करकरला. आणि मातीत रुतून थांबला.