सोडून दिलेल्या चार बस

बस आली तरी कनकाच्या पुढचा माणूस जागचा हलला नाही.

मैलापूरच्या थांब्यावर संध्याकाळची रांग, जुलैचा उकाडा, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा आणि वेस्ट मांबलमला घरी जायची घाई. कनकाने तमिळमध्ये दोनदा विनवून पाहिलं. मग, इथे कुणाला कळणार आहे म्हणून, मराठीत पुटपुटली, "अय्यो, माणूस आहे की पुरलेला खांब?"

खांब वळला. "खांबाच्या बाजूने वाट आहे की, बाई. जावा."

कनकाच्या घरची, तिच्या तंजावरच्या आत्याच्या तोंडची मराठी! कनकाचे कान तापले. बसमध्ये चढून तिने खिडकीतून चोरून पाहिलं. तो अजून हसत होता. त्याच्या खिशावर काळी फीत होती, त्याच्या पुढच्या सहाजणांच्याही.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलंच. "तुम्हांस बस नको, तर रांगेत कशास उभे राहतां?"

"निषेध करतों," तो म्हणाला. त्याचं नाव राघोत्तम, केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून. संपावर बंदी घालणारा नवा वटहुकूम आला होता आणि संप केला म्हणून त्याचे मित्र तुरुंगात होते. "सभा बंद, मिरवणूक बंद. रांग तेवढी बंद करायची राहून गेली."

"आणि नोकरी गेली म्हणजे?"

"भीती वाटते," तो सरळ म्हणाला. "पण 'नको' म्हणायचीच चोरी झाली, तर... मग मान खाली घालूनच जगायचं की."

बस आली, आणि गेली. कनकाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या तीन संध्याकाळीही तिची पहिली बस अशीच गेली. समुद्राकडून वारा यायचा, ती वेणीतली अबोली सावरायची, तो नजर पटकन दुसरीकडे वळवायचा... आणि गप्पा काही संपायच्या नाहीत. समोर एक हवालदार वहीत काहीतरी टिपत असायचा. त्याच्याकडे बघायला या दोघांना वेळ कुठे होता?

सहाव्या दिवशी सातही जणांना पकडलं. रहदारीला अडथळा करणारा बेकायदा जमाव, असा आरोप. जामीन मिळाला, पण शिक्षा झाली तर तुरुंगही होता आणि नोकरीही जाणार होती. 'बसची वाट पाहत होतो म्हणा, सुटाल,' असं त्यांच्या वकिलांनी, नारायणस्वामींनी परोपरीने सांगितलं. राघोत्तमने साफ नकार दिला. निषेध केला, तर निषेधच म्हणणार.

आणि कनकाच्या घरी समन्स आलं. सरकारी साक्षीदार म्हणून! हवालदाराच्या वहीत नोंद होती: 'जमावामुळे एका शिक्षिकेला चार संध्याकाळी बसमध्ये चढता आलं नाही.'

साक्षीच्या आदल्या रात्री ती रात्रभर तळमळली. खरं सांगावं तर गावभर बोभाटा, गप्प बसावं तर तो तुरुंगात. सकाळी तिच्या अप्पांनी, रामस्वामींनी, छत्री उचलली. "मी येतों बरोबर. खरें तेवढें सांग," एवढंच म्हणाले.

कोर्टात सरकारी वकिलांनी विचारलं, "या माणसांनी तुमची वाट अडवली?"

"नाही. पहिल्या दिवशी बाजूने जा म्हणाले. मी गेले."

"मग पुढे चार बस का चुकल्या?"

"चुकल्या नाहीत. मी सोडल्या."

"कशासाठी?"

कनकाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मागे अप्पा खोकले. समोर राघोत्तम मान हलवत होता... नको, नको.

"त्यांच्याशी बोलणं संपलं नव्हतं," ती म्हणाली. "अजूनही संपलेलं नाही."

कोर्टात खसखस पिकली. मॅजिस्ट्रेटनी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसला. मग निकाल दिला: निषेध होता हे आरोपींनीच कबूल केलं आहे, पण कुणालाही न अडवता शांतपणे उभं राहून नापसंती दाखवणं हा गुन्हा नव्हे. सातही जण सुटले.

बाहेर आल्यावर कनकाला एकदम रडू फुटलं. किती दिवसांनी छाती मोकळी झाली होती.

"भर कोर्टांत असें बोललांत..." राघोत्तम म्हणाला.

"शपथ घेतली होती."

"मीही आतां खरें सांगूं? तुमची बस उशिरा यावी, म्हणून रोज देवास विनवत होतों."

अप्पा छत्री टेकत पुढे झाले. त्याला नखशिखांत न्याहाळून म्हणाले, "काफी घेतां ना? घरीं चला."

बस आली. राघोत्तम सवयीने बाजूला सरला. "आज तुम्हीही चढा," कनका म्हणाली. तो चढला. खिशावरची काळी फीत अजून तशीच होती.

"आणि उद्या?" तिने विचारलं.

"वटहुकूम कुठे उठला आहे? उद्या पुन्हा उभा राहणार."

"सरि, बरें," कनका खिडकीपाशी सरकून त्याला जागा देत म्हणाली. "मग एक फीत माझ्यासाठीही आणा."