उजवीकडचं काळीज

एक्सरेची फिल्म. टेक्निशियनने दोनदा उलटी करून पाहिली. हृदय उजवीकडेच.

नसरापूर फाट्यावर उभा टेम्पो. इंजिन चालू. ड्रायव्हर छाती धरून स्टिअरिंगवर वाकलेला.

हॉस्पिटलच्या पायरीवर घरच्यांनी आणलेली अर्धा डझन केळी. पेशंट उपाशी हवा, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

यातलं काहीही रचलेलं नाही. १७ ऑगस्ट २००६, दुपारचे अडीच, पुणे. ऑपरेशन टेबलावर भोरचा टेम्पोवाला झुल्फिकार... पट्ट्यांनी बांधलेला, पूर्ण शुद्धीत.

त्याच्या महाधमनीचा आतला पापुद्रा फाटला होता. रक्ताने भिंतीतच दुसरी, खोटी वाट काढली होती. जांघेतून तार घालून खऱ्या वाटेने वर न्यायची आणि तिच्यावरून आत कापडी नळी बसवायची. तो हलला, तर भिंत फुटणार.

"तुमचं सगळंच उलटं, झुल्फिकारभाई," डॉक्टर म्हणाले. "आरशात बघून दुसऱ्याची दाढी करतोय असं वाटतंय. हलायचं नाही हं."

"न्हाई हलत. मला कुठं जायचंय?"

सगळे हसले.

"श्वास धरा."

त्याने धरला.

ठक्...

टेबलाच्या खालून. थेट पाठीला जाणवलं.

ठक्... ठक्...

"खाली कोण हाय?"

"बोलू नका. कुणी नाही खाली."

मग सगळे आवाज थांबले. मशीनचा, माणसांचा. आणि वास आला... ओल्या, नुकत्याच उकरलेल्या मातीचा.

"झुल्फ्या, लई कोंडतंय रं. माती काढ."

झुल्फ्या त्याला एकच माणूस म्हणायचा. मोठा भाऊ, जलाल. सोळाव्या वर्षी तापात गेलेला. भोरलाच दफन केलेला.

ओरडावं, तर छाती हलणार. छातीत तार.

"ऐकतोस न्हवं? काढ की."

डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलं. पुसायला हात सुटा नव्हता. ठकठक वाढत गेली. मग हळू झाली... मग एकच...

मग काहीच नाही.

"झालं!" डॉक्टर म्हणाले. "शाब्बास. दगडासारखे पडून राहिलात."

वॉर्डात त्याने आपल्या अम्मीला, म्हणजे बद्रुन्निसाला, सगळं सांगितलं.

"तुझं काळीज खरंच उजवीकडं हाय?" तिने एवढंच विचारलं.

"व्हय. डॉक्टर म्हणाले, घरात अजून कुणाचं असंल."

ती उठून खिडकीशी गेली.

झुल्फिकार बरा आहे, टेम्पो चालवतो. पण जमिनीला पाठ टेकवत नाही. बसूनच झोपतो.

१९८५ साली, जलाल तापात होता तेव्हा, नदीला पूर होता, डॉक्टर पलीकडे अडकले होते. जलालच्या छातीला डावीकडे कान लावून, ठोका लागत नाही, तो गेला असं अम्मीनेच सांगितलं होतं.