उरलेलं अर्धं

पेंढ्या कामाला बसायचा तो कानामागे निळा खडू खोचूनच. मेलेल्या जनावरांच्या कातड्यात पेंढा भरायचा, हा त्याचा धंदा. घरामागच्या खोलीत कारखाना. आधी खडूने रेघ, मग कात्री. रेघेशिवाय कात्री लावली नाही कधी. बाकी माणूस एक नंबरचा टवाळ. संग्रहालयातल्या अस्वलाला शिपायाचा चष्मा घालून वर शिपायालाच शोधायला लावणारा.

त्या संग्रहालयाच्या मॅडमनी प्रदर्शन काढलं. सिंहाच्या धडाला गरुडाचं डोकं, बाईच्या कमरेला माशाची शेपटी, असले कल्पनेतले प्राणी.

"काय झेप आहे माणसाच्या कल्पनेची!" मॅडम म्हणाल्या. "एक नवाकोरा हवाय. सोमवारी."

"झेप कसली मॅडम? दोन मेलेले आणि एक दाभण."

एक राजहंस त्याच्या बर्फपेटीत पडून होता. चार पायांचं काही मिळेना. मग घरातच नजर गेली. पोरीचा कुत्रा म्हातारा, ठार बहिरा. आज ना उद्या जायचाच. पेंढ्याने त्याचे वाट बघायचे कष्ट वाचवले. सात वर्षांच्या पोरीला सांगितलं, "आत्याकडे धाडलाय, हवापालटाला." पोरीने मान डोलावली. पेंढ्याला हसू आवरेना.

पुढून हंस, मागून कुत्रा. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

राहिलं कुत्र्याचं पुढचं आणि हंसाचं मागचं. उस्तादाचा नियम होता: दोनाचं एक केलंस, तर उरलेल्याचंही एक कर आणि पुरून टाक. अर्धं मोकळं सोडू नये, ते आपली सोय बघतं. पेंढ्याने जन्मभर पाळला होता. या खेपेला कंटाळा केला. दोन्ही तुकडे मागच्या दारच्या कचऱ्याच्या डब्यात.

मंगळवारी डबा आडवा पडलेला. तुकडे गायब. फरशीवर ओले ठसे, पुढे पंजे, मागे बदकासारखे पडद्याचे पाय. पेंढ्या खूश झाला. हे त्याच्याइतक्याच टवाळ मेहुण्याचं काम! त्याने फोन लावला.

"झकास जमलंय रे."

"काय जमलंय, दाजी? मी आठवडाभर बाहेरगावी आहे."

"हो हो, आम्ही कालच जन्मलो."

बुधवारी जेवताना पोरगी म्हणाली, "बाबा, आपला आला परत."

"कोण आपला?"

"आत्याने त्याला पोहायला शिकवलंय. टाकीत काय मस्त फिरतो!" तिने घास गिळला. "पोटाशी उसवला होता. मी तुझा दोरा दिला."

पेंढ्या ताटावरून उठला. त्याने टाकीत डोकावलं. पाणी हलत होतं. एक पांढरं पीस तरंगत होतं.

गुरुवारी कारखान्यातल्या टेबलावर एक चिमणी होती, मागून उंदीर. टाके वेडेवाकडे, शिकाऊ हाताचे. शेजारी कबुतर, मागून सरडा. यातले टाके बरे होते. पलीकडे तिसराही होता, त्यातले तर खुद्द पेंढ्याला जमले नसते. तिघांनाही कापलेल्या जागी निळी रेघ. उरलेली अर्धी डब्यात टाकलेली.

म्हणजे ते उरलेलं शिकलं, ते पेंढ्याकडूनच.

"कुलूप लावून घेतो," तो बायकोला म्हणाला. मागचं दार घट्ट लावलं, जेवला आणि पोरीला जवळ घेऊन जरा लवंडला.

जाग आली तेव्हा ऊन कलत होतं. शेजारी पोरगी नव्हती. सवयीने हात कानामागे गेला.

खडू नव्हता.

पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हसत.

"बाबा, मला कित्ती गुदगुल्या झाल्या!"

तिने फ्रॉक वर केला. कमरेभोवती निळी रेघ. एका दमात मारलेली, सरळ.

"त्याने विचारलं, वरचं कुणाचं ठेवू? मी म्हटलं, माझं."

पेंढ्याने शर्टाची बटणं काढली. हळूहळू, एकेक करून. त्याच्याही कमरेभोवती तशीच निळी रेघ.

मागच्या दारी कचऱ्याच्या डब्याचं झाकण कुणीतरी उघडून ठेवत होतं.