निम्म्या वजनाचं काडतूस

गावाबाहेरच्या जुन्या चांदमारीवर (सैनिकांच्या नेमबाजीच्या मैदानावर) आता मुलांसाठी बाग होणार होती. तिथली शिसं मिसळलेली माती चाळायला एक यंत्रमानव आला होता. शाल्मली आजोबांबरोबर ते काम बघायला गेली, तेव्हा त्याने तिच्या तळहातावर काडतुसांच्या दोन रिकाम्या पुंगळ्या ठेवल्या. एक जाड, एक बारीक.

"जाड आहे ती जुनी. बारीक नंतरची," तो म्हणाला.

"असं कसं? शस्त्रं तर मोठी होत गेली ना?" शाल्मलीने आजोबांना विचारलं.

आजोबा, म्हणजे डॉ. हेमंत गायधनी, यांची सगळी नोकरी काडतुसांच्या संशोधनात गेली होती. ते म्हणाले, "जाड गोळी फार लांब जाते. पण लढाया अभ्यासल्यावर दिसलं, की बहुतेक गोळ्या तीनशे मीटरच्या आतच झाडल्या जातात. मग एवढी ताकद कशाला? म्हणून कॅलिबर (बंदुकीच्या नळीचा आतला व्यास) कमी केलं."

"पण लहान गोळी कमजोर पडत नाही?"

"ती हलकी असते, पण वेगवान. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा (वेगामुळे मिळणारी ऊर्जा) चौपट होते. शिवाय खांद्याला धक्का कमी बसतो, त्यामुळे नेम हलत नाही. आणि एका जाड काडतुसाच्या वजनात बारीक दोन येतात."

"म्हणजे सैनिकाचं ओझं निम्मं!"

आजोबांनी तिच्या तळहातावरची बारीक पुंगळी उचलली.

"मलाही तसंच वाटलं होतं. माझा धाकटा भाऊ प्रमोद सैन्यात होता. डोंगर चढताना त्याचे गुडघे भरून यायचे. तो सुट्टीवर आला तेव्हा मी हौसेनं विचारलं, 'काय रे, आता हलकं वाटतं ना?' तो हसला. म्हणाला, 'दादा, ओझं तेवढंच आहे. गोळ्या दुप्पट दिल्यात.'"

"मग?"

"मग समोरच्यांनीही तेच केलं. त्यांच्याकडेही गोळ्या दुप्पट झाल्या. त्यातलीच एक प्रमोदला लागली."

शाल्मलीने त्यांचा हात धरला. "गणित चुकलं होतं का, आजोबा?"

"गणित बरोबर होतं, बाळा. पण वाचलेल्या वजनाच्या जागी काय भरायचं, हे गणित सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचं असतं."

"तुम्ही काय भरलं असतं?"

"पाणी," आजोबा लगेच म्हणाले. "डोंगरावर पाणी पुरत नाही, असं प्रमोद नेहमी सांगायचा."

शाल्मली यंत्रमानवाकडे वळली. "बागेत पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे बसणार आहे?"

त्याने हात लांब करून जागा दाखवली. आजोबा तिच्याबरोबर तिकडे चालू लागले.