चार पायऱ्यांची फाईल

फाईल सहाव्यांदा परत आली, तेव्हा तिला धड रडूही येईना आणि हसूही. बांधकाम परवानगी विभागाच्या लांबलचक कॉरिडॉरमधल्या बाकावर ती धपकन बसली आणि शेजारी कोण आहे हे न बघताच म्हणाली, “हा त्रुटी काढणारा माणूस आहे ना... एकदा समोर बसवून त्याचे डोळे तपासायचेत मला!”

शेजारचा तरुण चहात बिस्किट बुडवत होता. अर्धं बिस्किट कपातच राहिलं.

“डॉक्टर आहात?”

“चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. अहो, घरापुढे फक्त चार पायऱ्या आहेत. बाबांच्या चाकाच्या खुर्चीसाठी तिथे रॅम्प हवाय, बस! आधी चिठ्ठी आली, कठडा दाखवलेला नाही. दाखवला. मग शेजाऱ्यांचं संमतीपत्र नाही. आणलं. आता म्हणे, उतार जास्त! सगळ्या त्रुटी एकदम सांगायला याचं तोंड दुखतं का?”

“अक्षर तरी चांगलं आहे का त्याचं?” त्याने कपात बघत विचारलं.

“मोत्यासारखं आहे. त्याचं काय लोणचं घालू?”

तेवढ्यात शिपाईकाका एक फाईल घेऊन आले. “साहेब, इथे शेरा राहिलाय तुमचा.”

तरुणाने खिशातून लाल पेन काढलं आणि लिहू लागला... तेच अक्षर. तेच मोती!

तिने हळूच आपली फाईल पाठीमागे लपवली. त्याने पेनाला टोपण लावलं, कान लालेलाल, आणि हळूच म्हणाला, “उद्या जागा बघायला येतो. डोळे तिथेच तपासा.”

तो खरंच आला. हातात टेप, बुटांवर धूळ. बाबा खिडकीशी बसले होते, गेले चार महिने बसायचे तसेच. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आजारपणानंतर एकदा दोन शेजाऱ्यांनी त्यांना कपाट उचलावं तसं खुर्चीसकट उचलून खाली नेलं. सगळी गल्ली बघत होती. वर आल्यावर बाबा एवढंच म्हणाले होते, “आता मला बाहेर नेऊ नका.” त्या दिवसापासून ते घड्याळाला किल्लीसुद्धा देत नव्हते.

“नकाशात दहा फूट लांबीचा रॅम्प आहे,” तो म्हणाला. “एवढी फळी आहे घरात?”

होती. पायऱ्यांवर फळी टेकवली. आणि मग त्याने भलतंच केलं. बाबांना त्याने खिडकीजवळच्या पलंगावर बसवलं, स्वतः त्यांच्या खुर्चीत बसला आणि... सोडून दिली!

खुर्ची सुसाट निघाली. अंगणातली कुंडी फुटली, टेप एकीकडे, साहेब दुसरीकडे. ती किंचाळत धावली.

“दोन फूट उंची आहे,” तो मातीत बसूनच म्हणाला. “चोवीस फूट लांबी लागेल, मधे वळण देऊन. मी पडलो, ठीक आहे... ते पडायला नकोत.”

इतके दिवस ज्याला शिव्या दिल्या, तो एका चिठ्ठीने बाबांना सांभाळत होता! आणि मागून आवाज आला. बाबा हसत होते. चार महिन्यांनी... खळखळून.

“काय हो त्रुटीसाहेब, कुंडीची परवानगी घेतली होती का?”

मग नवा नकाशा. दर गुरुवारी ती ऑफिसात त्याच्या चार नंबरच्या खिडकीशी जाई. तो कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचायचा. एकदा तिने दुकानातली काच त्याच्या डोळ्यापुढे धरली.

“आता?”

“आता... स्पष्ट दिसतंय.”

“काय?”

“नकाशा,” तो म्हणाला. पण बघत होता तिच्याकडे. ती काच पुसत बसली, उगाचच, कितीतरी वेळ.

शेवटच्या गुरुवारी फक्त त्याची सही उरली होती. बाबांनी सकाळीच दाढी करून घेतली होती. ती खिडकीशी पोचली, तर शिपाईकाका नजर चुकवत म्हणाले, “फाईल नाही इथे, ताई. साहेबांनी सोडली. आता दुसरे साहेब परत पहिल्यापासून तपासणार. पंधरा दिवस तरी जातील.”

सोडली? शेवटच्या सहीला? ती तडक विभागप्रमुख असलेल्या मोठ्या बाईंच्या खोलीत शिरली. बाईंनी चष्म्यावरून तिला न्याहाळलं आणि काही न बोलता फाईल पुढे सरकवली.

लाल शाई. मोत्यासारखं अक्षर.

‘नकाशा नियमानुसार आहे. तथापि, अर्जदारांच्या कन्येविषयी माझ्या मनात प्रेम निर्माण झाले आहे. त्यामुळे या प्रकरणी मी सही करणे योग्य होणार नाही. फाईल अन्य अधिकाऱ्याकडे द्यावी, ही विनंती.’

तिने दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं हलायला लागली.

“बावीस वर्षं नोकरी केली,” बाई म्हणाल्या, “पण असला शेरा! खाली कारकुनांनीही सह्या केल्यात... वाचला म्हणून. जा, बाकावर बसलाय तो. आणि फाईल मी स्वतः बघते, बाबांना सांग.”

तो बाकावर होता. चहा गार झालेला, बिस्किट तसंच.

“पंधरा दिवस वाढवलेत तुम्ही,” ती कशीबशी म्हणाली.

“मी सही केली असती, तर उद्या कोणीतरी म्हटलं असतं, मुलीसाठी केली. मग रॅम्प पाडायची नोटीस. बाबा एकदा खाली उतरले की... पुन्हा वर अडकायला नकोत.”

“आणि सगळ्या ऑफिसने वाचल्यावर मला कळायचं होतं?”

त्याचे कान पुन्हा लाल झाले.

तिने त्याच्या खिशातलं लाल पेन ओढलं, एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि ती त्याच्या हातात कोंबली. त्याने ती डोळ्यांजवळ नेली.

‘जिच्याविषयी लिहिले, तिला आधी सांगितलेले नाही. रविवारी घरी हजर राहून पूर्तता करावी. येताना कुंडी आणावी.’

त्याचा चेहरा उजळत गेला... सावकाश, चोवीस फुटांच्या उतारासारखा.

“अजून काही त्रुटी?”

“आहेत की,” ती उठत म्हणाली, “पण एकदम सगळ्या कोण सांगतं?”