हलका गठ्ठा

इंडोनेशियातल्या बांडुंगच्या चढावरच्या त्या छोट्या स्टुडिओत दर शुक्रवारी दुपारी सगळे एकाच पानात जेवत. जमिनीवर केळीचं लांब पान अंथरायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाफाळता भात पसरायचा, मधोमध खारी मासळी आणि मिरचीचा ठेचा. ज्यानं त्यानं आपल्या समोरचं खायचं. माणसं बघून पान कापलं जाई.

त्या शुक्रवारी इमासचं लक्ष जेवणात नव्हतं. त्यांच्या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममधला शेवटचा पहारेकरी काही केल्या हरत नव्हता, आणि संध्याकाळी खेळ लोकांसमोर ठेवायचा होता.

"तेह, अजून मारच खातेयस?" भात ढवळत लिलिस म्हणाली. ती इमासची धाकटी बहीण. मोठ्या बहिणीला ती 'तेह' म्हणे. खेळातली चित्रं तिची. सुरुवातीला मिळणाऱ्या कमजोर पत्त्यांवर तिनं गंमत म्हणून स्टुडिओच रंगवला होता: किटली, नारिंगी बोका ओयेन, हिरव्या स्वेटरमधले सहकारी हेंदार, ज्यांना सगळे 'कांग', म्हणजे दादा, म्हणत.

"माझाच पत्ता एवढा कुचकामी का गं?" शेजारच्या टेबलावरून हेंदारनी विचारलं.

"चित्र जसं, तशी ताकद, कांग!"

इमास हसली नाही. तिनं नाकावरचा चष्मा वर सरकवला. तिला आपली चूक आत्ता कळली होती. दर फेरीला गठ्ठ्यातून पाच पत्ते हातात येत. जिंकलेले जोरदार पत्ते ती गठ्ठ्यात भरत राहिली, पण हातात येत ते कमजोरच. नवे घेण्यापेक्षा जुने काढायला हवे होते. गठ्ठा जितका हलका, तितके कामाचे पत्ते लवकर येणार.

खेळातल्या दुकानात पत्ता गठ्ठ्यातून काढून टाकता येई. तिनं किटली काढली.

"लिलिस, चहा टाक ना."

"कशात? किटली आणा म्हणून कधीची सांगतेय."

इमासनं मान हलवली. पुढची लढाई सोपी गेली. पुढच्या दुकानात तिनं ओयेनला काढलं. पायाशी लागणारी ऊब गेली.

"ओयेनला बाहेर सोडलंस?"

"कोण ओयेन? तुला तर मांजरानं शिंका येतात, तेह."

इमासनं टेबलाखाली वाकून पाहिलं. फरशी स्वच्छ होती. एक केससुद्धा नव्हता. पण पडद्यावर पुढचं दुकान उघडलं होतं, आणि बोट सवयीनं हिरव्या स्वेटरवर गेलं.

शेजारची खुर्ची करकरायची थांबली.

तिनं वळून पाहिलं. खुर्ची नव्हती. टेबल नव्हतं. भिंतीशी नेच्याची कुंडी होती, आणि तिची मुळं फरशीच्या फटीत खोल गेलेली.

"कांग हेंदार कुठायत?"

"कोण?" म्हणत लिलिसनं पान आखूड कापलं.

पडद्यावर आता एकच कमजोर पत्ता उरला होता. बोटांना रंग लागलेली मुलगी. ती गेली की पहारेकरी हरणार होता. इमासनं हात मागे घेतला.

काढलेला पत्ता त्या डावात परत येत नाही. नव्या डावात मात्र सुरुवातीचे सगळे पत्ते परत मिळतात. हा नियम तिनंच लिहिला होता. तिनं डाव सोडून नवा सुरू केला.

किटलीची शिट्टी वाजली.

पायाला काहीतरी ऊबदार घासलं. आणि शेजारून हेंदार म्हणाले, "सापडली वाटतं युक्ती? गठ्ठा हलका करायचा, हेच ना?"

 ती नुसती हसली, आणि सगळ्यांबरोबर पानाच्या टोकाशी जाऊन बसली. हेंदार लॅपटॉप घेऊनच आले आणि तो मांडीवर ठेवून तोच खेळ खेळू लागले.

"ही चष्मेवाली कधी रंगवलीस, लिलिस?"

"मी नाही रंगवली."

"कामाचीही नाहीये. काढतो."

"कांग, थांबा," इमास म्हणाली.

कोणी मान वर केली नाही.

लिलिस बोलता बोलता पुढे वाकली. इमासच्या गुडघ्यांसमोरचा भात तिनं हातानं मध्ये ओढला आणि पानाचं रिकामं टोक सुरीनं कापून टाकलं.