दुपारनंतरचं ऊन

दुपारी पंप खळाळून सुरू झाला, पण तोवर बागेतली रोपं मेलेली होती.

"इतके दिवस दुपारनंतर थेंब नाही, आणि आज आपोआप सुरू?" शिंपी कडाडला. वस्तीच्या सामाईक बागेचा तोच कारभारी. "या वायरमननं भंगार मोटर बसवली होती. बोंब झाली तशी गुपचूप बदलली!"

वायरमननं कानांवर हात ठेवले. "मी स्क्रूलासुद्धा हात लावला नाही हो!"

"संध्याकाळच्या बैठकीत तुझा वाफा काढून घेतो."

वायरमनचं तोंड उतरलं. त्या वाफ्यातल्या भाजीवर त्याच्या घरची चूल चालायची.

जमादार कुंपणापाशी उभे होते. पोलिसातून निवृत्त झालेले. कालच थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला स्मशानात पोचवून आले होते. ही बाग त्या भाऊजींनीच उभी केलेली. मन थाऱ्यावर नव्हतं, पण सवय गप्प बसू देईना.

"सकाळी पंप चालायचा?"

"चालायचा की," शिंपी म्हणाला. "सकाळचं पाणी घरांना, दुपारनंतरचं वाफ्यांना, असा नियम आहे."

"मग मोटर भंगार कशी? भंगार मोटर घड्याळ बघून बंद पडते का?"

शिंपी वळून पंपाकडे बघू लागला.

"पंपाचं टाकीवरचं सोलर पॅनेल दुपारी उन्हाकडे फिरवावं लागतं ना? कोण फिरवतं?"

"पूर्वी पाळी होती. हल्ली वहिनीच, म्हणजे तुमच्या ताईच फिरवायच्या. घर बागेला लागून आहे ना त्यांचं. घरात एवढं दुःख, तरी आजही येऊन फिरवून गेल्या."

"तुम्ही पाहिलंत?"

"रोज बघतो!"

"कुठल्या दिशेला फिरवतात, ते पाहिलंत?"

"ते नाही पाहिलं." विश्वासाच्या माणसावर पाळत कोण ठेवतं?

जमादार बहिणीच्या घरी गेले. भाऊजींच्या खोलीची खिडकी बागेकडे उघडायची, पण समोर गोदामाची उंच भिंत. ऊन नावाला नव्हतं. पलंग तिरका ओढलेला, कपाटाचं दार अडवून.

"ताई, पलंग असा का गं?"

"त्यांना तसाच बरा वाटायचा."

"कपाट उघडत नाही की."

"नाही उघडत."

ती पाठमोरी होऊन चादरीची घडी घालत राहिली. एकच घडी, पुन्हा पुन्हा. जमादारांनी खिडकीतून टाकीकडे पाहिलं. गप्प राहिलं तर बहीण वाचत होती, वायरमन बुडत होता.

संध्याकाळी सगळे टाकीखाली जमले. ताईही आली.

"मोटर कधीच बिघडली नव्हती," जमादार म्हणाले. "टाकीवरचं पॅनेल भिंतीपेक्षा उंच आहे. ते उन्हासमोर न धरता कडेनं धरलं, तर ऊन काचेवरून घसरून एका खिडकीत जातं. पंपाला काही उरत नाही. त्या खोलीतला पलंग कपाट अडवून तिथेच ओढलाय, जिथे कवडसा पडेल. काल त्या पलंगावरचा माणूस गेला. आज पॅनेल सरळ झालं." ते बहिणीकडे वळले. "ताई, तूच ना गं?"

ताईनं मान खाली घातली नाही.

"मीच. वाचा गेली होती त्यांची. नुसते खिडकीकडे बघत पडायचे. पहिल्यांदा चुकून पॅनेल तिरकं राहिलं, आणि हातावर ऊन आलं त्यांच्या. बोटं चादरीवर हलायला लागली. मातीत बी टोचतात ना, तशी." तिनं सुकलेल्या वाफ्यांकडे हात केला. "सकाळी बादल्या भरून ओतायची मी, पण एवढी बाग कुठे पुरी पडते? बी तर त्यांनीच जपलेलं होतं. त्यांचीच रोपं मारून त्यांना ऊन दिलं."

"एका शब्दानं सांगायचंस तरी!" जमादार म्हणाले.

"काय सांगू? एका आजाऱ्यासाठी सगळ्यांचे वाफे जाळा? तुम्ही सगळे नाही म्हणाला असतात. आणि ते बरोबरच होतं. आता माझा वाफा घ्या, याचा सोडा."

वायरमन पुढे आला. भांडेल असं वाटलं, पण त्यानं टाकीकडे बोट दाखवलं.

"ताई," तो म्हणाला, "पॅनेल कशाला हलवायचं? मला सांगितलं असतंत तर टाकीवर एक आरसा बांधून दिला असता. हातभर आरसा. खोलीत दिवसभर ऊन आलं असतं."



"आरसा?" ताई म्हणाली. आणि काल नवऱ्याला नेताना न रडलेली ती बाई तिथेच, मेलेल्या रोपांत, हंबरडा फोडून बसली.